१६ बोर

१६ बोर हा छर्र्याच्या बंदुकीच्या नळीचा एक आकार आहे. एक पौंड शिशाचे समान वजनाचे १६ गोळे केल्यास एका गोळ्याचा जो व्यास येतो, तोच या नळीचा व्यास मानला जातो. तो सुमारे १६.८ मिलिमीटर असतो. बोरचा आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. १२ बोरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर आहे.

काडतूस

काडतुसात तळाशी टोपी, तिच्यावर दारू, मग चकती आणि छर्रे असतात. १६ बोरची काडतुसे १२ बोरच्या तुलनेने दुर्मीळ असल्याने परदेशांतील अनेक शिकारी वापरलेली काडतुसे पुन्हा भरतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक आहे.

पाणपक्षी व कायदा

शिशाचे छर्रे पाणथळीच्या तळाशी साचतात. अन्न दळण्यासाठी खडे गिळणारी बदके ते छर्रेही गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. त्यामुळे अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी घातली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानबदकांची शिकारच निषिद्ध ठरली. भाईंदरच्या मिठागरांत व वसईच्या खाडीकाठी हिवाळ्यात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे.