गोवा पावडर आणि आमचा तरोटा

नायट्याचा इतिहास कोण वाचणार, असं वाटलं होतं. पण 'गोवा पावडर' हे नाव सापडलं आणि अख्खा शनिवार त्यातच गेला!

एकोणिसाव्या शतकात मुंबईत ही पिवळट-तपकिरी भुकटी गजकर्णावर, म्हणजे नायट्यावर वापरत. लिंबाच्या रसात कालवून चोळायची. डोळ्यात गेली तर आग, कपड्यांना डाग, पण गुण यायचा. गंमत म्हणजे तिचं झाड गोव्यात नाहीच. १८६४ मध्ये मुंबईच्या केंप यांनी ती इंग्रज औषधशास्त्रज्ञांच्या नजरेस आणली. पुढे दहाएक वर्षांनी ब्राझीलमधल्या बाहियाच्या डॉ. दा सिल्व्हा लिमांनी ओळखलं, ही तर आमची अरारोबा! झाडाच्या खोडातल्या फटींत साचणारी भुकटी, पोर्तुगीज व्यापारातून इकडे आलेली.

तिच्यातलं औषध क्रायसारोबिन. त्याचं सख्खं भावंड, क्रायसोफॅनॉल, तरोट्यात (टाकळ्यात) असतं. चुडाव्याकडे पावसाळ्यात बांधाबांधावर उगवतो तोच, ज्याची आपण भाजी खातो. त्याचं संस्कृत नाव 'दद्रुघ्न', आणि दद्रु म्हणजे नायटा. आता बोला! (म्हणून पाला वाटून लावू नका, कातडी सोलवटेल.)

पुढची गोष्ट लंडनची. सांगतात की बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरच्या एका रुग्णाने नायटा समजून गोवा पावडर लावली. होता सोरायसिस, आणि तोच कमी झाला. १८७६ मध्ये स्क्वायरने हा उपचार प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा १९१६ च्या सुमारास कारखान्यात बनणारं डिथ्रॅनॉल आलं. सोरायसिसवर ते अजूनही वापरतात.

ती चूक नशिबाने फळली. आज उलट होतं. गोल चट्टा दिसला की मेडिकलवरून 'खाजेची ट्यूब' आणायची. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आरामात पसरते आणि नायट्याची ओळखीची कडाच पुसली जाते. म्हणजे एरर मेसेज बंद केला, बग तसाच! अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हे सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. पाळतं कोण, तो भाग वेगळा. त्यात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आली आहे. २०२० मध्ये तिला नाव मिळालं ट्रायकोफायटन इंडोटिनी, म्हणजे नावातच आपला देश.

तर ओळखायचं कसं? नायट्याची कड उठावदार, खाजरी, मधला भाग निवळलेला. घरात अजून कुणाला असेल तर त्याचेही उपचार सोबतच हवेत, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे, खाज गेली तरी. सोरायसिसचे चट्टे जाड, चंदेरी पापुद्र्यांचे, बहुधा कोपर-गुडघ्यांवर. तो लागत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायचं कारण नाही. आणि फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, वरून कापूस फिरवला तरी कळत नाही, असं असेल तर ट्यूब राहू द्या आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं तिथे फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.