शैलीचें नांव आणि राजाचें नांव

येरमाळ्याच्या आसपास कोणतेंहि जुनें दगडी देऊळ दाखविलें कीं 'हेमाडपंती' हें उत्तर ठरलेलें. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा मंत्री. अर्थात् तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. परंतु शिलाहार मम्वाणीच्या वेळचा अंबरनाथाचा शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा असून त्या देवळासहि लोक हेमाडपंतीच म्हणतात! देऊळ आपल्या कल्पित जनकाहून दोनशें वर्षांनीं वडील!

इंग्रजांकडेहि हाच घोटाळा आहे. ट्यूडर, जॉर्जियन, व्हिक्टोरियन हीं तेथील शैलींचीं नांवें राजांवरून व राजघराण्यांवरूनच पडलीं. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकास १८८७ सालीं हॅनोव्हर घराण्यांतील व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें. त्याच्या टोंकदार कमानी मात्र गॉथिक वळणाच्या. तें वळण बाराव्या शतकांत फ्रान्सांत उपजलें, आणि प्लँटाजेनेट वंशाच्या दुसऱ्या हेन्रीच्या अमदानींत, ११७५ च्या सुमारास, सेन्सच्या विल्यम नांवाच्या फ्रेंच स्थपतीनें तें कँटरबरीच्या मंदिरांत योजिलें. १९९६ सालीं स्थानकाचें नांव पालटलें. कमानी आहेत तशाच आहेत.

आमच्या जुन्या वहींत येथील एका देवळापुढें 'हेमाडपंती, सबब तेरावें शतक' अशी आमचीच नोंद आहे. देवळांत लेख नाहीं. 'सबब' पासूनचीं अक्षरें आम्हीं आज खोडलीं.