संसद स्वतःचा खर्च कुठून भागवते?

ताडकळससारख्या ग्रामपंचायतीला घरपट्टी-पाणीपट्टी सोडली तर बाकी निधीसाठी वरच्या सरकारकडेच पाहावे लागते. संसदेचे तसे नाही. तिचा खर्च भारताच्या एकत्रित निधीतून होतो, आणि त्या निधीतून पैसा काढायला तिनेच केलेला विनियोजन कायदा लागतो (अनुच्छेद 114).

लोकसभेचे अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती-उपसभापती यांचे वेतन-भत्ते अनुच्छेद 112 नुसार ‘भारित’ आहेत. त्यांवर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. बहुमतवाल्यांना पगार अडवून अध्यक्षांना वाकवता येऊ नये, यासाठी ही तरतूद आम्हांला मोलाची वाटते. बाबासाहेबांच्या मसुदा समितीच्या मसुद्यातही ती होती. दोन्ही सभागृहांच्या सचिवालयांचा खर्च मात्र अनुदानाची मागणी म्हणून लोकसभेत मताला येतो. अनेक मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात, हे वेगळे.

खासदारांचे वेतन खासदारच कायद्याने ठरवतात (अनुच्छेद 106, 1954 चा कायदा). 2018 च्या दुरुस्तीने ते दर पाच वर्षांनी महागाईनुसार वाढते. 1 एप्रिल 2023 पासून दरमहा 1 लाख 24 हजार रुपये. भत्ते निराळे.

राज्य विधिमंडळासाठी अशीच व्यवस्था अनुच्छेद 202 व 203 मध्ये आहे. शिष्यवृत्तीची तरतूद शोधायला आपले कार्यकर्ते राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके चाळतात. विधिमंडळ सचिवालयाचा खर्चही त्यांतच छापलेला असतो.