बांद्याची वेस आणि लिस्बनचा दरबार

माझी आजी बांद्याची. तिथून गोव्यातली पत्रादेवी जवळच, पण १९५५ साली मधे दोन देशांची सरहद्द होती: अलीकडे भारत, पलीकडे पोर्तुगालच्या ताब्यातला गोवा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात गावात रोज नवी माणसं उतरायची. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहाची हाक दिली होती. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी गोव्यात शिरली, आणि मग पंजाब, बंगाल, मध्य प्रदेश, सगळीकडून लोक येऊ लागले. आजीच्या घरी मोठ्या टोपात पेज शिजायची. परसातल्या केळीची पानं संपली, तेव्हा शेजारच्या घरांतून यायला लागली. कोणाची भाषा कळत नसे, पण कोणी उपाशी सरहद्दीकडे गेला नाही, हे ती अभिमानाने सांगायची.

१५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वेगवेगळ्या ठिकाणी मिळून २० हून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग ईसरू पडले. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय हातात तिरंगा असताना जखमी झाल्या. संध्याकाळी जखमींना घेऊन लोक परतले, तेव्हा आजीच्या पडवीत पेज तशीच निवत राहिली. "थंय मेले ते कोणाचे तरी झीलच ना रे?" एवढंच ती म्हणायची आणि थांबायची.

त्या गोळीबाराने देश खवळला. पंडित नेहरूंपुढे पेच होता. जगाला शांततेचा आग्रह धरणाऱ्या देशाने गोव्यात फौज घालायची कशी? फौज त्यांनी घातली नाही. पण पोर्तुगालशी संबंध तोडले, वाणिज्य वकिलाती बंद झाल्या, गोव्याची रेल्वे थांबली, आर्थिक नाकेबंदी कडक झाली. सामुदायिक सत्याग्रहही सरकारने थांबवला. बांद्यातल्या कितीतरी जणांना ते झोंबलं. माझे मामाआजोबा त्यावर तावातावाने बोलत. तरी एक गोष्ट तेही मान्य करत: त्या दिवसानंतर दिल्लीच्या कुठल्याही सरकारला गोव्याचा विषय बासनात गुंडाळून ठेवणं शक्य राहिलं नाही. जनमताने तोफा डागल्या नाहीत, पण माघारीची वाट बंद केली.

लोकमत गोव्याच्या आतही जागं ठेवावं लागलं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीजवळच्या जंगलातून १९५५ ते १९६१ गुप्त रेडिओ चालवला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या त्यावरून कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत गोव्यात पोचत.

जगातलं मतही बदलत होतं. १९५५ च्या अखेरीस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर काढलेल्या निवेदनात गोव्यासारख्या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे 'प्रांत' असा झाला आणि भारतात संताप उसळला. पण १९६० पर्यंत आफ्रिकेतले अनेक देश स्वतंत्र झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौज गोव्यात शिरली, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताला माघार घ्यायला सांगणाऱ्या ठरावाच्या बाजूने ७ मतं पडली. विरोधात गेलेल्या ४ मतांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते, चौथं मत सोव्हिएत संघाचं. त्याच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला.

१९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य केलं नाही. कारण तिथल्या माणसांना बोलायचीच सोय नव्हती. हुकूमशाही राजवट म्हणेल तेच देशाचं मत. अखेर २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली, माणसं रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार झाला.

म्हणून मला वाटतं, वाटाघाटी मुत्सद्दी करतात, पण त्यांना पुढे रेटण्याचं आणि आवरण्याचं बळ लोकांचं असतं. दोन देशांतला प्रश्न नीट सुटायचा, तर दोन्हीकडच्या जनतेला खरी बातमी कळायला हवी आणि निर्भयपणे बोलता यायला हवं. लिस्बनला ते जमेपर्यंत गोव्याच्या मुक्तीनंतर १२ वर्षांहून अधिक काळ गेला.