देवगिरीच्या राज्यातलं विरजण

वाचक माउली, घरात दूध असतं, भांडं आपलं, चूल आपली. पण विरजण संपलं तर काय करतो आपण? वाटी घेऊन शेजारी जातो. चमचाभर विरजण परक्या घरून येतं, रात्रभर दुधात राहतं आणि सकाळी सगळं भांडं लागलेलं असतं. आता सांगा, ते दही कुणाचं? शेजारणीचं की आपलं? या प्रश्नाचं उत्तर मनात धरा आणि माझ्याबरोबर देवगिरीला चला.

देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. यादवांचं राज्य तिथून चालायचं. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने ही राजधानी उभारली. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र हे पुढचे राजे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी ज्या रामचंद्राचा उल्लेख केला, तोच हा रामदेवराय. या राज्याला आपण मराठीचं माहेर म्हणतो आणि त्यात खोटं काही नाही. पण माहेरात कोण कोण नांदत होतं, ते पाहू.

आधी राजाच पाहा. यादव आपली कुळी सांगताना यदुवंश सांगत, आपले पूर्वज द्वारकेहून दक्षिणेत आले असं म्हणत. हा झाला त्यांचा अभिमान. त्यांचे शिलालेख वाचा, तर शेकडो लेख कानडीत आहेत. म्हणजे सिंहासनावर बसलेला धनीच सांगतो, की माझं मूळ दूरचं आहे. त्याच्या राज्यात संस्कृत, कानडी आणि मराठी अशा तिन्ही भाषा दगडावर चढल्या.

आता एका घराची गोष्ट. काश्मीर कुठे आणि देवगिरी कुठे! त्या काश्मीरचा भास्कर नावाचा एक विद्वान दक्षिणेत आला. ना आगगाडी, ना सडक. घाट, जंगलं, नद्या ओलांडत आला आणि इथं राहिला. त्याचा मुलगा सोढल. त्याला भिल्लमाच्या आणि पुढे सिंघणाच्या दरबारी आश्रय मिळाला. सोढलाचा मुलगा शार्ङ्गदेव. हा दरबारात हिशेबाच्या खात्याचा मुख्य होता. दिवसा जमाखर्च पाहायचा, आणि याच माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला.

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्हाला त्या ग्रंथाचं काय? अहो, तुमच्याआमच्या कानात जे गाणं आहे, त्याची शास्त्रशुद्ध मांडणी त्यात आहे. सात अध्याय आहेत. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य, काही सोडलेलं नाही. शब्दही स्वतः रचणारा आणि चालही स्वतः बांधणारा तो वाग्गेयकार, त्याची लक्षणं त्यात सांगितली आहेत. पहिल्याच अध्यायात माणसाचा देह कसा घडतो ते सांगून मग त्या देहातून नाद कसा उठतो ते सांगितलं आहे. हिंदुस्थानी गवई आणि कर्नाटकी गवई, दोघंही या ग्रंथाला मान देतात. काश्मीरहून आलेल्या घराने आमच्या गोदेकाठच्या राज्यात बसून साऱ्या देशाच्या गाण्याला आधार दिला.

त्याच ग्रंथाच्या आरंभी एक सुंदर भाव आहे. ठिकठिकाणी हिंडून थकलेली सरस्वती अखेर आपल्या घरी विसावली, असं शार्ङ्गदेव सुचवतो. विचार करा, हे कुणाला सुचेल? ज्याच्या आजोबाने घरदार सोडून वाट तुडवली, त्यालाच. वणवण ज्याच्या रक्तात आहे, त्याला विसाव्याची किंमत कळते.

आता दुसरा परदेशी. गुजरातेतल्या भडोचहून एक पुरुष निघाला. महानुभाव परंपरा सांगते, की तो प्रधानाचा मुलगा होता आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने बाहेर पडला. ते श्रीचक्रधर स्वामी. ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली आणि हा गुजराती माणूस महाराष्ट्राचा झाला. शिष्यांना त्यांनी महाराष्ट्रातच राहायला सांगितलं. बोलले ते मराठीत. बायाबापड्यांना जवळ बसवलं, जातीचा विटाळ मानला नाही. पुढे म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून विचारून, १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. आणि कुणी संस्कृतात लिहायला निघालं, तर नागदेवाचार्यांनी आडवलं, की असं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. भडोचच्या विरजणाने मराठीचं दूध असं लागलं!

पण माउली, इथंच थांबलो तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. दोघंही बाहेरून आलेल्या घरचे. मग शार्ङ्गदेवाला दरबारात मान मिळाला आणि चक्रधरांच्या वाट्याला काय आलं? त्यांचा छळ झाला, राजदरबारातल्या आणि धर्माधिकाऱ्यांतल्या मंडळींचा रोष त्यांच्यावर आला, आणि अखेर ते उत्तरेकडे निघून गेले, असं परंपरा सांगते. का बरं? एकाने राज्याचा हिशेब ठेवला, दुसऱ्याने समाजाला हिशेब विचारला. पाहुणा वाढलेलं मुकाट जेवतो, तोवर तो गोड असतो. पाहुण्याने विचारलं, की ओसरीवर बसलेल्या त्या माणसाला पान का नाही वाढलं, की लगेच तो परका होतो. राज्य तेच, राजेही एकाच घराण्यातले, पण आतिथ्याची परीक्षा दुसऱ्या पाहुण्यापाशी झाली आणि तिथं आपण कमी पडलो.

आणि फक्त बाहेरच्यांनाच हे भोगावं लागलं असं नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही तर इथलीच लेकरं. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीने दूर लोटलं, पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्रासाठी जावं लागलं. आणि नेवाशाला १२९० मध्ये त्याच लेकराने सगळ्या विश्वासाठी देवाकडे मागणं मागितलं. परकं ठरवायला माणूस परगावचाच लागतो असं नाही.

आता आपल्या देवाकडे वळा. पांडुरंग मूळचा कुठला? कथा सांगते, रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव द्वारकेहून आला. संतांनी त्याला कौतुकाने कानडा म्हटलं. पंढरीच्या देवळात १२३७ चा शिलालेख आहे, त्यात कर्नाटकातल्या होयसळ राजाने देवासाठी गाव दिल्याची नोंद आहे. असा हा देव पुंडलिकाच्या दारी आला, तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. हातचं काम सोडता येईना, पण त्याने दार लावलं नाही. वीट पुढे सरकवली. उभं राहायला जागा दिली.

आज तुमच्या गावात ऊसतोडीला टोळी येते, बांधकामावर दूरदेशचे मजूर येतात, त्यांची पोरं आपली बोली मोडकीतोडकी बोलतात. त्यांच्यात कोण शार्ङ्गदेव आहे, कोण चक्रधर आहे, हे तुम्हाआम्हाला कसं कळावं? आपल्या हाती एवढंच आहे, की वीट द्यावी, आणि तो बोलू लागला तर ऐकून घ्यावं. ते दही कुणाचं, हे विचारायचीही मग गरज उरणार नाही.

रामकृष्ण हरी.