पान कोणाचे, जाहिरात कोणाची?

शाळेतल्या संगणकावर एखादा नकाशा उतरवून घेताना पानावर दोन-तीन ठळक हिरवी बटणे दिसतात. सगळ्यांवर 'डाउनलोड' लिहिलेले असते. खरे बटण त्यांतले एकच, बाकीच्या जाहिराती. मुले नेमके चुकीचे बटण दाबतात आणि आपण त्यांना रागावतो. पण ही लबाडी पानात शिरली कशी? संकेतस्थळ चालवणाऱ्याला विचारले, तर तो बहुधा सांगेल की ही जाहिरात आपण पाहिलेलीच नाही. गंमत म्हणजे तो खरे बोलत असतो.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पट्टीच्या आकाराची जाहिरात झळकली. अशा जाहिरातींची ती सुरुवात मानतात. तेव्हाचा व्यवहार छापील मासिकासारखाच, म्हणजे समोरासमोरचा होता. पुढे संकेतस्थळे भराभर वाढली आणि मध्यस्थ कंपन्या आल्या. त्यांनी जाहिराती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्या. संकेतस्थळाच्या पानात आता जाहिरात नसते. 'या जागी अमुक ठिकाणाहून जाहिरात आणा' एवढी सूचना असते. ती पाळतो आपला ब्राउझर. म्हणजे पान एकाकडून येते आणि त्यातला चौकोन भलत्याकडून.

छापखान्यात एकदा पान छापले की त्यातली जाहिरात बदलत नाही. येथे मात्र ती प्रत्येक वाचकासाठी नव्याने मागवली जाते. त्यामुळे तपासलेली जाहिरात आणि वाचकापर्यंत पोचलेली जाहिरात एकच असेल, याची खात्री उरली नाही. तपासनिसाला दाखवायचे दूध वेगळे आणि घरोघर घालायचे वेगळे, तसा हा प्रकार.

याचे ठळक उदाहरण २००९ मधले आहे. १२ आणि १३ सप्टेंबरला, शनिवार-रविवारी, 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संकेतस्थळ वाचणाऱ्या काही जणांच्या पडद्यावर अचानक इशारा आला: तुमच्या संगणकात विषाणू आहेत. पाठोपाठ तपासणी चालू असल्याचा देखावा सुरू झाला आणि 'विषाणूनाशक' आज्ञावली घेण्याचा आग्रह झाला. तपासणी वगैरे काही नव्हती, ते नुसते हलते चित्र होते. विषाणूनाशकही बनावट. झाले होते असे, की कोणीतरी व्होनेज या दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावाने जागा विकत घेतली होती. व्होनेजच्या जाहिराती या वृत्तपत्राकडे पूर्वी आलेल्या असल्याने, जाहिरात बाहेरच्या सर्व्हरवरून पाठवायला परवानगी मिळाली. आठवडाभर साधी, निरुपद्रवी जाहिरात दिसली. सुटीचे दिवस आले आणि चोरट्यांनी ती बदलली. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राची ही स्थिती, तर दोन-चार उत्साही माणसांनी फावल्या वेळात चालवलेल्या पाककृतींच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळाची काय कथा! त्यांना सर्व्हरचे भाडे भागवायचे असते आणि ते मध्यस्थाने दिलेल्या चार ओळी पानात चिकटवतात.

२००९ मध्ये निदान वाचकाने बटण दाबावे लागत होते. पुढे तेही लागेना. डिसेंबर २०१६ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने उघड केलेला प्रकार विज्ञानशिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखा आहे. संगणकावरचे चित्र ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण सांगणारे तीन आकडे असतात. चौथा आकडा असू शकतो तो पारदर्शकतेचा. तो किंचित बदलला, तर डोळ्याला फरक कळत नाही. या किंचित फरकांतच हल्लेखोरांनी आज्ञा लपवल्या होत्या. जाहिरातीबरोबर आलेली छोटी आज्ञावली ते आकडे वाचून आज्ञा पुन्हा जुळवी. त्याआधी ती समोरचा संगणक कसा आहे हे पाही. तो तपासनिसाचा वाटला, तर स्वच्छ चित्र धाडले जाई! पुढचे काम इंटरनेट एक्सप्लोरर आणि फ्लॅश यांतल्या जुन्या त्रुटींमधून होई. त्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या तोवर उपलब्ध झालेल्या होत्या. ज्यांनी त्या बसवल्या नव्हत्या, तेच सापडले. शाळेच्या संगणकांवर 'नंतर आठवण करा' हे बटण किती वेळा दाबले जाते, ते आपण सारे जाणतो.

फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० पासून निर्मात्या कंपनीचा आधार उरला नाही. ब्राउझरही शहाणे झाले; जाहिरातीचा चौकोन बाकीच्या पानापासून तोडून ठेवण्याची सोय त्यांत आली. पण तोतयेगिरीला त्रुटी लागतच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, की शोधयंत्राच्या निकालांत वरच्या बाजूला जाहिराती घेऊन लबाड लोक नामांकित कंपन्यांची सोंगे घेत आहेत. जाहिराती अडवणारी आज्ञावली वापरा, असा सल्लाही त्यात होता. एका सरकारी तपास संस्थेने असे सांगावे हे आम्हाला बोलके वाटते. मात्र सगळ्यांनीच जाहिराती अडवल्या, तर ती पाककृतींची संकेतस्थळे चालणार कशावर, याचे उत्तर त्या इशाऱ्यात नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबून 'नेटवर्क' निवडावे आणि एखादे जाहिरातींचे पान पुन्हा उघडावे. पान कोणकोणत्या पत्त्यांवरून जुळवले जाते, त्याची यादी सरकू लागते. मुलांना वेगवेगळे पत्ते वहीत लिहायला सांगावे. आम्ही भाजीच्या कृतीच्या एका साध्या पानावर हे केले, तेव्हा यादी पडद्यावर मावली नाही. त्यात संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता शोधायलाच मुलांना वेळ लागला.