मुळशी आणि 'मुक्तधारा' : विकास, मर्यादा आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या इतिहासातील दोन धरणे

(१)

१९२१ साली पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात एका धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. १९२२ साली रवींद्रनाथ ठाकुरांचे 'मुक्तधारा' हे नाटक बंगालीत प्रसिद्ध झाले; त्याच्याही केंद्रस्थानी एक धरणच आहे. या दोहोंत प्रभावाचे नाते शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. तौलनिक साहित्याभ्यासात प्रभावाइतकेच समकालीनतेलाही मोल असते. दोन प्रांतांत, दोन भाषांत, एकाच सुमारास एकच प्रश्न उभा राहतो, तेव्हा तो कोणा एका लेखकाच्या प्रतिभेतून किंवा एका प्रांताच्या अडचणीतून आलेला नसून काळाच्या पोटातूनच आलेला असतो, असे मानावे लागते.

तो प्रश्न असा : आर्थिक वाढीची निकड, निसर्गाने घातलेली मर्यादा आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य या तिहींचा मेळ कसा घालावयाचा, आणि तो घालण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नाची आजची रूढ मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. वाढीमुळे माणसाच्या निवडीचे क्षेत्र विस्तारते, म्हणून वाढ स्वातंत्र्याची सखी. मर्यादा हे क्षेत्र आखडते, म्हणून मर्यादा स्वातंत्र्याची वैरीण. ही मांडणी सर्वस्वी खोटी नाही. जातीच्या आणि सावकाराच्या पाशातून अनेकांना शहराने व कारखान्याने सोडवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु विसाव्या शतकाचा आपला इतिहास पाहता ती अपुरी ठरते. वाढही सक्तीने आली आहे, आणि मर्यादाही सक्तीने लादली गेली आहे. त्यामुळे स्वातंत्र्याचा निकष वाढ की मर्यादा या निवडीत न शोधता, ती निवड करणारा कोण, या प्रश्नात शोधावा लागतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

(२)

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी पश्चिमेकडील कड्यावरून कोकणात सोडून त्यावर वीज निर्माण करावयाची, ही टाटा कंपन्यांची योजना विसाव्या शतकाच्या आरंभापासून आकार घेत होती. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीचे. तिसरी योजना मुळशीची होती. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी बोगद्यांतून कड्याखालच्या भिरा येथे न्यावयाचे होते. निसर्गतः हे पाणी भीमेवाटे कृष्णेला आणि कृष्णेवाटे पूर्व समुद्राला मिळणारे. धरणाने त्याची दिशाच पालटली आणि ते कुंडलिकेच्या पात्रातून पश्चिम समुद्राकडे वाहू लागले. पाणलोटाची सीमा ही अभियंत्याच्या दृष्टीने एक अडचण होती, आणि ती ओलांडण्यातच त्याच्या कर्तबगारीची कसोटी होती. निसर्गाच्या मर्यादेकडे पाहण्याची आधुनिक दृष्टी यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच व्यक्त झाली असेल.

या योजनेमागचा युक्तिवाद हलका नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना दूरच्या कोळशावर अवलंबून राहावे लागे. पाण्यावरची वीज स्वस्त होती, शहराच्या हवेत धूर सोडणारी नव्हती, आणि विशेष म्हणजे ती देशी भांडवलाने निर्माण होणार होती. स्वदेशीच्या काळात वाढलेल्या पिढीला टाटांचा उद्योग हा राष्ट्राचा उद्योग वाटावा, हे स्वाभाविकच होते. त्यामुळे मुळशीचा प्रश्न परकी सरकार विरुद्ध देशी प्रजा असा सरळ राहिला नाही. धरणाखाली जाणाऱ्या सुमारे पन्नास गावांतील मावळ्यांना भाताची खाचरे आणि घरे सोडावयास सांगणारे सरकार परके होते. पण ज्या प्रयोजनासाठी ती सोडावयाची ते प्रयोजन स्वकीयांचे होते.

कायद्याची भाषा येथे नीट तपासली पाहिजे. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने 'सार्वजनिक प्रयोजना'साठी खाजगी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि त्याच कायद्याच्या सातव्या भागाने कंपन्यांसाठीही अशी जमीन घेण्याची वाट मोकळी ठेवली होती. व्यक्तीची मालमत्ता आणि कराराचे स्वातंत्र्य यांवर उभ्या असलेल्या उदारमतवादी अर्थव्यवस्थेत एका पक्षाचे करारस्वातंत्र्य अबाधित राहावे आणि दुसऱ्या पक्षाला 'नाही' म्हणण्याची सोयच नसावी, ही विसंगती मुळशीत उघडी पडली. बाजारात विक्रेत्याला नकार देता येतो. मुळशीच्या शेतकऱ्याला तो देता येत नव्हता. त्याला फार तर किमतीवर वाद घालता येत होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला आरंभ झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यात मिळाली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून सत्याग्रहींचा कैवार घेतला. काही काळ काम थांबलेही. परंतु वर्षअखेर ते पुन्हा सुरू झाले, अटकसत्र चालले, आणि स्त्रियांसह अनेकांनी तुरुंगवास पत्करला. लढ्याच्या अखेरच्या टप्प्यात, १९२४ साली, बापटांनी कामावरची आगगाडी शस्त्रानिशी अडवली आणि दीर्घ कारावास ओढवून घेतला. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

लढा का हरला, याचे उत्तर केवळ दडपशाहीत नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो तपशीलवार अभ्यास केला, त्यातून एक अप्रिय वस्तुस्थिती पुढे येते. खोऱ्यातील बरीचशी जमीन पुण्यातील सावकार-जमीनदारांच्या ताब्यात गेलेली होती. कसणारे मावळे त्यांची कुळे वा ऋणको होते. मोबदल्याचा प्रश्न आला, तेव्हा ज्याचे नाव कागदावर होते त्याला जमिनीऐवजी रक्कम घेणे सोयीचे वाटले. ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याची जमीन गेली आणि मोबदलाही फारसा हाती आला नाही. नुकसानभरपाईचा न्याय मालकीला ओळखतो, उपजीविकेला ओळखत नाही, हे मुळशीने स्वातंत्र्याच्या पाव शतक आधीच दाखवून दिले होते.

(३)

आता 'मुक्तधारा'कडे वळू. उत्तरकूटचा राजा रणजित, त्याचा यंत्रराज विभूती आणि युवराज अभिजित ही या नाटकाची प्रमुख पात्रे. विभूतीने पुष्कळ वर्षांच्या खटाटोपाने मुक्तधारा या निर्झरावर लोखंडी धरण उभारले आहे. खालच्या शिवतराई प्रांतातील प्रजा दुष्काळामुळे कर देऊ शकलेली नाही. तिचे पाणी अडवून तिला वठणीवर आणावयाचे, हा धरणाचा उद्देश. या यंत्राचे टोक भैरवाच्या देवळावरील त्रिशूळाहूनही उंच गेले आहे.

हे नाटक यंत्रविरोधी आहे, असे ढोबळमानाने म्हटले जाते. वस्तुतः रवींद्रनाथांची दृष्टी यंत्रापेक्षा त्याच्या भोवती जमणाऱ्या समाजावर खिळलेली आहे. धरणाच्या बांधणीसाठी सक्तीने नेलेल्या तरुणांपैकी सुमन हा एक. त्याची आई अंबा रंगभूमीवर त्याला शोधत फिरते. यंत्राच्या जयजयकारात तिची हाक मिसळत राहते आणि कोणालाही तिचे उत्तर द्यावेसे वाटत नाही. शाळामास्तर मुलांकडून राजभक्तीचे आणि शिवतराईच्या तिरस्काराचे धडे घोकून घेतो. उत्तरकूटची सामान्य प्रजा या सक्तीला बळी पडलेली नाही. ती तीत आनंदाने सामील आहे. वाढीचा अभिमान हा समूहाचा अभिमान बनला की शंका घेणारी व्यक्ती आपोआप देशद्रोही ठरते, हे रवींद्रनाथांनी १९२२ साली ओळखले होते.

धनंजय बैरागी हे पात्र या दृष्टीने अधिक अभ्यसनीय आहे. शिवतराईच्या लोकांना तो निर्भय होण्यास आणि अन्यायी कर नाकारण्यास शिकवतो. हे पात्र रवींद्रनाथांच्या १९०९ च्या 'प्रायश्चित्त' नाटकातही होते, म्हणजे असहकाराच्या चळवळीपूर्वीच ते जन्मले होते. मात्र 'मुक्तधारा'त धनंजयाला एक शल्य आहे : लोक त्याच्याच आधाराने उभे राहतात, स्वतःच्या पायांवर नव्हे. पुढाऱ्याच्या शब्दाखातर निर्भय झालेला मनुष्य खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला काय, ही त्याची खंत आहे. मुळशीचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून ही खंत वाचली की तिला वेगळीच धार येते. मावळ्यांच्या वतीने बोलणारे, लिहिणारे, तुरुंगात जाणारे पुढारी थोर होते. परंतु लढ्याची भाषा, त्याचे टप्पे आणि त्याचे तत्त्वज्ञान बव्हंशी त्यांनीच ठरवले.

नाटकाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. अभिजित हा मुक्तधारेच्या पायथ्याशी सापडलेले मूल होता. धरणातील वैगुण्य हेरून तो त्यावर आघात करतो आणि सुटलेला प्रवाह त्याला वाहून नेतो. मुळशीत धरण उभे राहिले. नाटकात ते फुटले. हा भेद वरवरचा आहे. अधिक खोल साम्य असे, की धरण फोडतो तो युवराज, शिवतराईचा शेतकरी नव्हे. इतिहासातही आणि कल्पितातही ज्याचे पाणी, ज्याची जमीन, त्याच्या हाती निर्णय आलेला नाही.

(४)

येथवर वाढीच्या सक्तीचा विचार झाला. मर्यादेच्या बाजूचा इतिहासही तपासणे न्यायाचे होईल. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात 'स्थिर अवस्थे'चे समर्थन केले. संपत्ती आणि लोकसंख्या यांची वाढ थांबली म्हणून मानवी प्रगती थांबत नाही, हे त्याचे म्हणणे. पृथ्वीचा प्रत्येक तुकडा लागवडीखाली आला, तर एकांत उरणार नाही आणि एकांताशिवाय विचार वाढणार नाही, अशी त्याची धारणा होती. अकरा वर्षांनी 'स्वातंत्र्याविषयी' हा निबंध लिहिणारा मिल तोच. त्याच्या ठायी निसर्गाची मर्यादा आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य परस्परविरोधी नाहीत. पहिली दुसऱ्याची पूर्वअट आहे. आगरकरांच्या पिढीवर मिलच्या स्वातंत्र्यविचाराचा ठसा उमटला हे सर्वश्रुत आहे. त्याच्या या दुसऱ्या विचाराची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धागा तुटला. १९६८ साली गॅरेट हार्डिनने सामायिक साधनसंपत्तीच्या शोकांतिकेची मांडणी करताना परस्परसंमत सक्तीचा उपाय सुचवला. १९७२ साली 'वाढीच्या मर्यादा' हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि मर्यादा हा शब्द संगणकाच्या आलेखांतून बोलू लागला. त्या अहवालाने हुकूमशाहीची शिफारस केली नव्हती. परंतु लोकसंख्येची मर्यादा राज्यसंस्थेच्या हाती गेली म्हणजे काय होते, याचा अनुभव भारताने आणीबाणीत घेतला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कित्येक उघड जबरदस्तीच्या होत्या, आणि त्याची झळ मुख्यतः गरिबांना लागली. वाढीसाठी ज्याची जमीन घेतली गेली, त्याच थरातील मनुष्याच्या शरीरावर मर्यादाही कोरली गेली.

(५)

स्वातंत्र्योत्तर काळात मुळशीचा प्रश्न देशव्यापी झाला. १९४८ साली हिराकूड येथे विस्थापित होणाऱ्यांना पंडित नेहरूंनी देशहितासाठी झळ सोसण्याचे आवाहन केले, आणि १९५४ साली भाक्रा-नांगलच्या संदर्भात त्यांनी अशा प्रकल्पांना आधुनिक तीर्थक्षेत्रांची उपमा दिली. देवळाहून उंच गेलेले यंत्र रवींद्रनाथांना भयसूचक वाटले होते. तीन दशकांनंतर यंत्र हेच देऊळ झाले. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे, की १९५८ साली नेहरूंनीच भव्यतेच्या हव्यासाला रोग म्हटले. नर्मदेवरील सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बाधित केली, आणि मुळशीत जो भेद कागदावरचा मालक आणि कसणारा यांच्यात होता, तो तेथे पट्टेदार आणि वनजमिनीवरील 'अतिक्रमणदार' यांच्यात पुन्हा उभा राहिला.

१८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, अशी तरतूद त्यात आली, आणि कुळे व भूमिहीन यांचीही उपजीविका विचारात घेतली गेली. मुळशीच्या मावळ्याला ही मान्यता मिळण्यास ९२ वर्षे लागली. सरकार स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा मात्र ही संमतीची अट लागू होत नाही.

त्याच वर्षी ओडिशातील नियमगिरीत एक वेगळी घटना घडली. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या निर्णयानुसार तेथील बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे गेला, आणि रायगडा व कालाहांडी या जिल्ह्यांतील १२ ग्रामसभांनी एकामागून एक नकार नोंदवला. या नकारामागे डोंगर हा देव असल्याची श्रद्धा होती आणि झऱ्यांवर व शेतीवर अवलंबून असलेल्या जीवनाचा हिशेबही होता. येथे मर्यादा घालणारा शासक नव्हता, तज्ज्ञ नव्हता, युवराजही नव्हता. ज्यांच्यावर ती पडणार होती, त्यांनीच ती आखली. नियमगिरीने सर्व प्रश्न सुटले, असे कोणी म्हणणार नाही. बारा गावांचा नकार हे देशाचे अर्थकारण होऊ शकत नाही, हा आक्षेपही विचारार्ह आहे. तरीही निवडीचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला मिळालेले ते एक दुर्मीळ उत्तर आहे.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून 'मुक्तधारा' शिकवताना हिराकूडकडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "धरण फुटल्यावर शिवतराईचे लोक काय म्हणाले?" नाटकात त्याचे उत्तर नाही, असे मी सांगितले. पुढे मुळशीची साधने वाचताना ध्यानात आले, की तेथेही आपण पुढाऱ्यांची भाषणे, सरकारचे हुकूम आणि वृत्तपत्रांचे अग्रलेख यांच्याच आधारे बोलतो. भिऱ्याचे वीजघर सुरू झाले त्या दिवशी खोऱ्यातून उठून गेलेली कुटुंबे काय म्हणाली, हे त्या साधनांत अभावानेच सापडते. विकास आणि मर्यादा यांच्यावरील वाङ्मय आपल्या सर्व भाषांत विपुल आहे. ग्रामसभांच्या नोंदी, जात्यावरच्या ओव्या, विस्थापितांच्या वसाहतींतील आठवणी यांनाही त्या वाङ्मयात स्थान देणे, आणि 'मुक्तधारे'शेजारी ठेवून त्यांचे वाचन करणे, हे तौलनिक अभ्यासाचे पुढचे काम आहे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे ऋण तेवढ्यानेच फिटेल.